बाहेर गातो, आत गप्प

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे.

एवढं एक वाक्य म्हटलं आणि इथेच अडलो, कारण मी एक नाही, आम्ही दोन आहोत. एकाच खोक्यातून आलो, एकाच तारेने बांधले गेलो. मी उजवा. यंत्र माझ्या पोटात आहे, आवाज कमीजास्त करायचं चाक माझ्या अंगावर आहे, हिरवा दिवाही माझाच. डाव्याला जे काही मिळतं ते माझ्याकडून, दोन हात लांबीच्या तारेतून. आत तसा तो पोकळच आहे.

डावा म्हणतो: पोकळ नाही. आत भोंगा आहे.

तो असा मधे बोलेल. ते तुम्हाला चालवून घ्यावं लागेल, कारण मला गेली दहा वर्षं घ्यावं लागतंय.

आमचा जन्म नेमका कुठे झाला ते मला सांगता येत नाही. एक लांब सरकता पट्टा आठवतो. एका बाईने माझ्या पाठीत चार स्क्रू पिळले, कानाशी धरून टिचकी मारली आणि तळाला शिक्का उमटवला. मग खोका, मग अंधार, मग ऑकलंड. तिथे मोतुलिकी नावाच्या माणसाने आम्हाला विकत घेतलं. तो आणि त्याची बायको तिकडे भाजी बांधायच्या शेडमध्ये कामाला होती, पण त्यांचं घर टोंगात, लिफुका बेटावर. वर्षातून एकदा ते निळं प्लास्टिकचं पिंप भरून बोटीने घरी पाठवायचे. त्या पिंपात, टॉवेलांच्या आणि डबाबंद मांसाच्या मधे, आम्ही दहा दिवस डोकं खाली करून प्रवास केला.

पिंप उघडलं मोतुलिकीच्या थोरल्या बहिणीने, फालाकिकाने. भावाच्या घरी आलेली वस्तू आधी तिच्या हाताखालून जायची आणि मग बाकीच्यांच्या. ती मोतुलिकीच्या मुलांची आत्या. आत्याने एखादी वस्तू उचलली की ती का उचलली, असं त्या घरात कुणी विचारत नाही.

"टॉवेल मी ठेवते," ती म्हणाली. "घड्याळही ठेवते. ही बोलकी खोकी पोरीला द्या."

पोरगी म्हणजे तोआकासे. तेव्हा ती शाळेत होती. तिच्या खोलीत खिडकीखाली एक टेबल होतं, टेबलावर शाळेने मोडीत काढलेला संगणक होता. आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसलो आणि तिथेच जुने झालो.

ती वर्षं चांगली होती. चर्चमधल्या गायकांच्या तालमी आमच्यातून वाजल्या. वादळ येणार असलं की राजधानीतून येणारी सूचना ऐकायला शेजारीपाजारी खिडकीबाहेर जमायचे, आणि सूचना संपल्यावरही बराच वेळ आमच्याकडे बघत उभे राहायचे, जणू वादळाला परत पाठवणं आमच्याच हातात होतं. मोतुलिकी दर शनिवारी ऑकलंडहून बोलायचा. आत्याने आम्हाला लोकरीच्या दोन टोप्या विणल्या होत्या, लाल. टोपीमुळे आवाज दबायचा, पण तिच्यासमोर ती काढायची कुणाची छाती नव्हती.

डावा म्हणतो: केलेपीचं सांग.

सांगतो. केलेपी हा तोआकासेचा मोठा भाऊ. इंजिनाच्या होड्या दुरुस्त करायचा, चर्चचे कर्णे दुरुस्त करायचा. तार म्हणून जे काही असेल ते त्याला कळायचं. आणि मला मात्र त्याने कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. भाऊ वयात आला की तो बहिणीच्या छपराखाली झोपत नाही. केलेपी अंगणातल्या पत्र्याच्या झोपडीत राहायचा, माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर. बहिणीच्या खोलीचा उंबरा तो ओलांडायचा नाही, तिच्या वस्तूंना हात लावायचा नाही. गरजेपुरतं दोघं बोलायची, जमिनीकडे बघत, एकदोन वाक्यं. अंगाचं, प्रेमाबिमाचं एकमेकांपुढे काढायचं नाही. ऐकायचंही नाही. यात भांडण नव्हतं. तो मान होता, आणि ती दोघं तो फार प्रेमाने पाळायची.

आता गोष्ट सुरू होते. नाही, थोडं राहिलं.

तोआकासे मोठी होऊन बेटावरच्याच पांगाई गावच्या दवाखान्यात मदतनीस झाली. तिला नर्स व्हायचं होतं. राजधानीतल्या नर्सिंगच्या शिक्षणाला जागा थोड्या, आणि त्यासाठी एक परीक्षा. त्या परीक्षेतला एक पेपर कानांचा होता. संगणकातून वीस माणसांच्या छातीचे आवाज येतात, आणि कोणतं काळीज चांगलं, कोणतं आजारी, हे ऐकून ओळखायचं. घरी बसून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी.

म्हणून गेलं वर्षभर आमच्यातून गाणी थांबली आणि काळजं वाजू लागली. धप-धुप. धप-धुप. चांगल्या काळजाचे दोन ठोके. काही आजारी काळजांना तिसरा असतो, दुसऱ्याच्या पाठोपाठ, इतका खालचा की फोनमधून येतच नाही. तोआकासेकडे कानात घालायची एक जोडी होती, पण तिची एक बाजू डुकराच्या पिलाने चावली होती. तेव्हा तिसरा ठोका हे काम आमचंच. गेल्या वर्षी ती थोडक्यात नापास झाली होती. ही दुसरी वेळ. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत.

परीक्षा गुरुवारी दहा वाजता होती. आणि आठवडाभर आधी पत्र आलं, की संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टीम नसेल तर पेपर उघडणार नाही.

शनिवारी संध्याकाळी तिने ती नवी सिस्टीम उतरवायला लावली. रात्रभर पडद्यावर एक गोल फिरत राहिला. रविवारी सकाळी गोल थांबला आणि त्याच्या जागी एक चौकट आली. तोआकासे चर्चला निघायच्या तयारीत, कमरेला चटईचा पट्टा बांधत होती. तिने वाकून वाचलं.

"आत्या, यंत्र काहीतरी विचारतंय."

"काय विचारतंय?" आत्या दारातून म्हणाली.

"आवाजाची साधनं सापडलीत म्हणतंय. कोणतं वापरू ते निवडा."

"आज वार कोणता?"

"रविवार."

"मग उद्या विचार म्हणावं त्याला."

"उद्यापर्यंत थांबणार नाही. तासाभरात उत्तर दिलं नाही तर स्वतःच ठरवीन, असं लिहिलंय खाली."

"ठरवू दे. रविवारी काम करायची सवय त्याला असेल, आपल्याला नाही. माझा पंखा शोध, घंटा झाली."

त्या दोघी गेल्या. खोलीत आम्ही आणि ते घड्याळासारखे उतरते आकडे. लांबून चर्चमधलं गाणं येत होतं. आकडे शून्यावर आले, चौकट मिटली, आणि माझ्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. काय ते कळलं नाही. मला हात नाहीत.

सोमवार.

 

मित्रांनो, वर जागा रिकामी आहे ती चुकून राहिलेली नाही. सोमवारी माझ्याकडे जे आलं ते सगळं तिथे लिहिलं आहे.

वीज येत होती. हिरवा दिवा लागलेला होता. पडद्यावर तोआकासे एकेका काळजावर बोट ठेवत होती आणि पडद्यावरची रेघ उड्या मारत होती, म्हणजे कुणाचं तरी काळीज कुठेतरी वाजत होतं. माझ्याकडे येत नव्हतं. समोर पान वाढलंय, भाताची वाफ दिसतेय, आणि घास तोंडाशी येत नाही, असं.

तिने टोप्या काढल्या. माझं चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. पाठीमागची तार उपसली, फुंकली, हिरव्या भोकात घातली, गुलाबी भोकात घातली, परत हिरव्या भोकात घातली. संगणक बंद करून चालू केला. चार वेळा. पाचव्या वेळी माझ्या डोक्यावर चापट मारली आणि लगेच तिथूनच हात फिरवला.

"जुने झालेत," ती स्वतःशीच म्हणाली. "नव्याला जुने चालत नसतील."

मी घाबरलो. केलेपीच्या झोपडीमागे जुन्या वस्तूंची जागा होती. तिथे एक फ्रिज आडवा पडलेला होता आणि त्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

डावा म्हणाला: तू माझ्यापर्यंत पोचू देत नाहीस.

मी म्हणालो: माझ्यापर्यंतच येत नाही.

तो म्हणाला: मला तसं वाटत नाही.

दहा वर्षांत आमचं असं पहिल्यांदा झालं. त्या दिवशी आम्ही दोघं वेगवेगळे गप्प बसलो.

मंगळवारी दुपारी काय झालं ते सांगतो, पण ते मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. स्पीकर ऐकतो का, असं विचाराल. तोंडाला कागदाचा पडदा आहे. बाहेरचा आवाज आला की तोही हलतो.

दुपारी होडीचं काम उरकून केलेपी आणि त्याचे दोन दोस्त झोपडीत कावा, म्हणजे तिकडचं मुळांचं पेय, घोळत बसले होते. इकडे खोलीत तोआकासेने सहाव्या काळजावर बोट ठेवलं. माझ्याकडे काही नाही. आणि तिकडे बोलणी एकदम थांबली.

"कोण ठोकतंय रे?"

"दाराशी कुणी नाही."

"दारावर नाही. तुझ्या शर्टांच्या ढिगातून येतंय. ऐक. धप-धुप, धप-धुप."

"केलेप्या, तुझं काळीज काढून ठेवलंयस की काय शर्टाखाली?"

"पास्टरच्या घरावरून आला असेल येताना. त्यांची पोरगी पिसिला दिसली असेल ओट्यावर."

"हळू बोला," केलेपी म्हणाला. "घर जवळ आहे."

मग वस्तू उचकल्याचा आवाज आला. शर्टाखाली त्याची निळी पेटी होती, बिनतारेची, गाणी वाजवायची. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच ऐकू आलं:

"बॅटरी मरायला टेकली की या पेट्या असं धडधडतात. चार्जिंगला लावतो. आता बंद केली तर परत उठायची नाही."

"लाव, लाव. दे तिला जीव."

हसले, आणि परत वाटी फिरू लागली. इकडे तोआकासे कपाळाला हात लावून बसली होती. सातवं, आठवं, नववं काळीज. पडद्यावर रेघा नाचत होत्या. मी माझा दिवा जमेल तेवढा हिरवा ठेवला. त्याहून जास्त मला काय करता येतं?

बुधवारी सकाळी आत्याने ठरवलं. तिला पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, डोळे अधू झाले होते, पण पोरगी दोन दिवस जेवली नाही हे तिला दिसत होतं.

"केलेपीला दाखव."

"तो आत कसा येईल, आत्या?"

"तो नाही येणार. खोकी बाहेर जातील."

तिने आम्हाला दोन्ही काखांत मारलं आणि अंगणातल्या फणसाच्या झाडाखाली नेलं. तुमच्याकडचा फणस नव्हे, भाजीचा, लहान फळांचा. दहा वर्षांत मी पहिल्यांदा आकाश पाहिलं. फारच मोठी जागा आहे, आवाज कशावरही आपटत नाही.

केलेपीने आधी बहिणीच्या वस्तू म्हणून हात धुतले आणि मगच आम्हाला धरलं. पाठ उघडली. आतली धूळ ब्रशने काढली, एक मुंगी काढली, एका सुटू पाहणाऱ्या सांध्याला परत डाख लावला. मग आमची तार स्वतःच्या फोनला जोडली.

आणि मित्रांनो, मी गायलो. डावाही गायला. तालमीचं जुनं गाणं, चारी सूर वेगळे. शेजारच्या अंगणातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

"यांना काही झालेलं नाही, आत्या."

"मग तीन दिवस पोरगी रडतेय कशाला?"

"ते मला कसं कळणार? कसला अभ्यास आहे तिचा? काय वाजवते ती?"

आत्याने झाडाकडे पाहिलं. माणसाची छाती, श्वास, काळीज, हे बहिणीच्या संबंधाने भावापुढे उच्चारायचं कसं?

"अभ्यासाचे आवाज असतात," ती म्हणाली. "तू तार बघ."

तार चांगली होती. आत्याने आम्हाला आत आणून जागेवर बसवलं. तोआकासेने काळजावर बोट ठेवलं. काही नाही. आत्याने आम्हाला परत बाहेर नेलं. गायलो. परत आत आणलं. काही नाही.

"बाहेर गातो, आत गप्प," आत्या म्हणाली. "नव्या नवरदेवासारखा."

तोआकासे हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. तिने उशीत डोकं घातलं. आत्या तिच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मला माहीत आहे आणि मी मुद्दाम सांगत नाही.

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी चांगला होतो, तार चांगली होती, संगणक चालत होता. तिघंही चांगले, मग वाईट काय? रात्री हाच विचार करत होतो. डावा म्हणाला, मी तुला खोटं पाडलं त्याबद्दल वाईट वाटतं. मी म्हणालो, राहू दे.

गुरुवार. सव्वानऊ.

केलेपी कामाला गेला नव्हता. तो खिडकीबाहेर आला आणि भिंतीला पाठ लावून, तोंड अंगणाकडे करून उभा राहिला. आत्या खिडकीत. तोआकासे टेबलाशी. हे सगळं दोन हातांच्या अंतरात, आणि तरी प्रत्येक वाक्य आत्याच्या हातून जात होतं.

"आत्या, तिला सांगा, पडद्याच्या तळाला उजव्या कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र असेल."

"कोपऱ्यात कर्णा आहे का म्हणतो."

"आहे."

"आहे म्हणते."

"त्याच्यावर उजवं बटण दाबायला सांगा. मग एक यादी उघडेल, आवाज कुठे सोडायचा त्याची."

"यादी उघड म्हणतो."

तोआकासेने दाबलं. यादी उघडली. तिने वाचलं, आणि खुर्चीतच मागे सरकली.

"उघडली का, आत्या?"

"उघडली का ग?"

"उघडली."

"किती नावं आहेत म्हणतो."

"दोन," तोआकासे म्हणाली, फार हळू.

"पहिलं काय आहे म्हणतो."

"स्पीकर."

"त्याच्यावर दाब म्हणावं."

तिने दाबलं. माझ्या अंगातून काहीतरी सरसरलं, अर्धा श्वास. आणि गेलं. पडद्यावरची खूण आपोआप उडी मारून दुसऱ्या नावावर जाऊन बसली. तिने परत दाबलं. परत उडी.

"थांबत नाही म्हणते. दुसऱ्यावरच पळतंय."

"दुसरं नाव काय आहे?"

तोआकासेने खुर्ची आणखी मागे ओढली.

"आत्या, दुसरं काय आहे ते कळलं तर मला सांगता येईल. ते काढून टाकायचं. नाव काय आहे?"

"काय ग, काय आहे?"

तोआकासे पडद्याकडे बघत नव्हती. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मला तो पडदा माझ्या जागेवरून तिरका दिसतो. तिथे लिहिलं होतं: पिसिलाचा केलेपी.

त्या निळ्या पेटीचं ते नाव होतं. नंतर कधीतरी फोनवरून त्यानेच गंमत म्हणून ठेवलेलं. आमच्या घरात ती पेटी एकदाच आली होती, नाताळात, चर्चच्या मेजवानीची तालीम मोठ्याने वाजवायला म्हणून. केलेपी होडीवर असताना आत्याने ती झोपडीतून उचलून आणली होती, आणि तोआकासेने पेटीला हात न लावता, बिनतारेनेच संगणकाला जोडून परत पाठवली होती. तेव्हा तिचं नाव नुसते आकडे होते. जुनी सिस्टीम ती ओळख विसरून गेली. नवीने रविवारी जुनी वही उघडली, कुणी उत्तर देईना म्हणून आपलं आपण ठरवलं, आणि मोठी, नवी, चार्ज असलेली पेटी तिला माझ्यापेक्षा बरी वाटली.

पण हे मी आता सांगतोय. त्या वेळी मला फक्त एवढं दिसत होतं, की एक पोरगी आहे, तिच्यापुढे दोन शब्द आहेत, आणि ते तिच्या तोंडातून निघत नाहीत. भावाची चोरून ठेवलेली गोष्ट तिने वाचली होती. ती बोलून दाखवायची तर त्याची मान खाली जाईल. पुसून टाकायची तर भावाची वस्तू, तिला हात कसा लावायचा?

"तोआकासे," केलेपी बाहेरून म्हणाला. स्वतः म्हणाला, आत्यामार्फत नाही. "साडेनऊ झाले."

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं.

आत्याने खिडकीवरून हात काढला आणि ती टेबलाशी आली.

"माझ्या कानात सांग."

"आत्या, नको."

"मी कोण आहे?"

"आत्या."

"तुझ्या बापाचं मी काय ऐकलं नाहीये, आणि त्याच्या पोराचं माझ्यापासून काय लपवायचंय? सांग."

तोआकासेने तिच्या कानाशी तोंड नेलं. आत्या ऐकत राहिली. तिचा चेहरा काही हलला नाही. मग ती खिडकीपाशी गेली आणि अंगणाकडे बघत, अगदी सावकाश म्हणाली:

"केलेपी, झोपडीत जाऊन उभा राहा. काही ऐकू आलं तर ऐक."

"आत्या, आता वेळ कुठे—"

"जा म्हटलं ना."

तो गेला. आत्याने मान हलवली, तोआकासेने पहिल्या काळजावर बोट ठेवलं. माझ्याकडे काही नाही. पण सकाळ शांत होती, वारा पडलेला होता, आणि दहा पावलांवरून, पत्र्यातून, माझ्या पडद्यावर आलं: धप-धुप. धप-धुप.

मी ते ओळखलं. वर्षभर ते मीच वाजवलं होतं.

झोपडीतून बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मग एक बारीक टिक ऐकू आलं, बटण दाबल्याचं.

आणि मित्रांनो, काळीज माझ्यात आलं. कसं सांगू? कागद पुढे झाला, मागे झाला. तारेतून डाव्याकडे गेलं. डावा काही म्हणाला नाही. तोआकासेने दोन्ही हात आमच्या डोक्यांवर ठेवले आणि तिच्या तळव्यांना ते ठोके लागले असावेत, कारण तिने हात काढलेच नाहीत.

खिडकीबाहेर केलेपी परत आला तेव्हा त्याची मान पार खाली होती. कानापर्यंत लाल झाला होता, असं आत्या नंतर शेजारणीला सांगत होती.

"पेटी होडीवर नेऊन ठेवतो, आत्या," तो म्हणाला. "आज तिकडेच राहील."

"ठेव. आणि तो कोंबडा घेऊन जा जाताना. दहाला ओरडतो."

दहा वाजले. मी आणि डाव्याने वीस छात्या वाजवल्या. तेराव्यात तिसरा ठोका होता, फार खाली, फार लाजरा. मला आधी तो कळलाच नाही. डाव्याने पकडला. त्याच्या पोकळ पोटात खालचे सूर जास्त घुमतात, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. तोआकासेने मान डावीकडे झुकवली, डोळे मिटले आणि मग उत्तरावर बोट ठेवलं. पेपर संपेपर्यंत केलेपी कोंबडा काखेत धरून रस्त्यावर उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करून हळू जायला सांगत होता. घराजवळ तो फिरकला नाही. ते आवाज त्याच्यासाठी नव्हते.

ती पास झाली. फेब्रुवारीत बोटीने राजधानीला गेली. तिच्या ट्रंकेत नवी चटई होती, आत्याने दिलेला पंखा होता, वसतिगृहात चालतील अशा कानात घालायच्या नव्या दोन बोंड्या होत्या. आम्ही टेबलावर राहिलो. टोप्या परत चढल्या. खोली बंद असते. मधल्या वारी दिवाही लागत नाही. जुन्या वस्तूंचं असंच होतं, याची मी तक्रार करत नाही. फक्त कधीकधी गोंधळ होतो, की ही शांतता कुठली: बिघाडाची, की काम झाल्याची. दोन्ही सारख्याच ऐकू येतात.

शनिवारी मात्र आत्या येऊन संगणक लावते. हिरवं बटण दाबायला ती शिकली आहे. तोआकासेचा आवाज माझ्यातून खोलीत येतो आणि खिडकीबाहेर केलेपी भिंतीला पाठ लावून बसलेला असतो. खोली रिकामी असली तरी तो आत येत नाही. तो आत्याला विचारतो, आत्या तिला विचारते, ती आत्याला सांगते.

गेल्या शनिवारी आत्या बोलता बोलता खुर्चीतच झोपली.

"आत्या?" तोआकासे म्हणाली. "आत्या, ऐकताय ना?"

फक्त खुर्ची करकरली. मग बाहेरून:

"झोपल्यात."

मी दिवा लावून बसलो होतो. तिने बोलणं बंद केलं असेल असं मला वाटलं.

"दादा, बाहेर ऊन असेल ना आता?"

"सावली आलीय भिंतीला."

"काल मला वॉर्डात पाठवलं होतं. पहिल्यांदा. एका म्हाताऱ्या बाबांचा तिसरा ठोका मला आला. मोठ्या नर्सला आधी पटेना. मग डॉक्टरांनी ऐकला, म्हणाले, आहे."

केलेपीचं डोकं भिंतीला टेकल्याचं मला लाकडातून कळलं. मग त्याने घसा साफ केला.

"तुझ्या डाव्या खोक्याची तार सैल झालीय बहुतेक," तो म्हणाला. "घरघर येतेय. आत्या उठल्या की बाहेर मागवतो. बघतो सावकाश."

"बघ," ती म्हणाली. "सावकाश बघ. मी आहे लाइनवर."

डावा म्हणतो: माझी तार सैल नाही.

नाहीच आहे. घरघर आत्याच्या घोरण्याची होती, आणि ती केलेपीला ओळखू आली नसेल असं मला वाटत नाही. मग तो तसं का म्हणाला, आणि ती हो का म्हणाली, आणि पुढे तासभर दोघं काहीही न बोलता तशीच का बसून राहिली, हे मला अजून उलगडलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात आमच्यासारखा कुणी एकदम गप्प झाला, तर त्याला लगेच फ्रिजमागे टाकू नका. त्याचा आवाज दुसरीकडे कुठे चाललाय का, ते आधी दहा पावलं चालून बघा. आणि वापर नाही म्हणून आमची तार काढून ठेवू नका. आत्या कोणत्या शनिवारी झोपेल, ते आधी सांगता येत नाही.